ओरडणारा ब्रेक आणि गप्प बसणारा धोका

आजच्या भागात एका आवाजाचा इतिहास. सिग्नलला गाडी थांबता थांबता चाकातून 'चुईंऽऽ' असा जो आवाज येतो ना, तोच. रिक्षा, बस, तुमची बाईक, कुणीच त्यातून सुटलेलं नाही. पण आज मी तो ऐकायला तुम्हाला स्पोर्ट्‌स कारच्या चाकापाशी नेणार आहे, कारण आज आपल्या बाईकला जो डिस्क ब्रेक आहे, तो या गाड्यांच्या शर्यतींत तावून सुलाखून निघाला आणि मग रस्त्यावर आला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ब्रेक ओरडला की आपण दचकतो, आणि ओरडला नाही की निर्धास्त असतो. इतिहास बघितला तर हे बरंचसं उलटं निघतं. ब्रेकच्या गोष्टीत ज्यांनी खरा घात केला, त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी आवाजच केला नव्हता. कसं, ते बघूया.

तांब्याची किंकाळी

साल १९०२. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा एक इंजिनिअर डिस्क ब्रेकचं पेटंट घेतो. कल्पना अगदी सोपी. चाकाबरोबर फिरणारी एक धातूची तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. सायकलचा ब्रेक रिम धरतो ना, तसंच. हाच आपल्या आजच्या डिस्कचा पूर्वज.

अडचण कल्पनेत नव्हती, चिमट्यात होती. पकडायला काय लावायचं? लँचेस्टरने तांबं लावलं. आता फिरत्या धातूवर धातू घासला की काय होणार? गाडी थांबायची, पण किंचाळत थांबायची. शिवाय तेव्हाचे रस्ते धुळीचे. डिस्क उघडी, तिच्यावर धूळ बसायची, आणि तांबं भराभर झिजायचं.

नेमक्या त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं. एक गोल डबा, त्याच्या आत दोन शू, पेडल दाबलं की शू फाकतात आणि डब्याला आतून घासतात. सगळं झाकलेलं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं गाड्यांवर राज्य केलं ते या ड्रमने. डिस्क मागे पडायला इतरही कारणं होती, पण ती किंचाळायची आणि लवकर झिजायची ही त्यातली मोठी.

जुना बूट आणि दगडाचा धागा

मग ब्रेकचा आवाज कमी केला कुणी? तर हर्बर्ट फ्रूड या इंग्रज माणसाने. तो डर्बीशायरमधल्या चॅपल-एन-ले-फ्रिथ या गावचा. डोंगराळ मुलूख, घोडागाड्या मालाने भरलेल्या, आणि उतारावर गाडी आवरायची म्हणजे मोठं काम. तिथले गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं ठोकायचे, आणि ते बघून फ्रूडला कल्पना सुचली असं सांगतात. १८९७ मध्ये त्याने ब्रेकला लावायचं अस्तर बनवण्याचा धंदा सुरू केला. कंपनीचं नाव पुढे 'फेरोडो' झालं. फ्रूडच्या नावातली अक्षरं फिरवली आणि त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं पहिलं अक्षर घातलं की झालं फेरोडो.

घोडागाडीला चामडं, कापूस वगैरे चालून जायचं. मोटारीला नाही, कारण मोटारीच्या ब्रेकला उष्णता फार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रूडने त्यासाठी अॅस्बेस्टॉस घेतलं. अॅस्बेस्टॉस म्हणजे खाणीतून निघणारा तंतुमय दगड. त्याचं सूत काढता येतं, कापड विणता येतं, आणि ते जळत नाही. ब्रेकवाल्यांना आणखी काय हवं होतं? पकड चांगली, झीज कमी, आणि धातूवर धातू घासण्यापेक्षा आवाज कितीतरी कमी.

आता हे अॅस्बेस्टॉस जरा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत, आणि तेव्हा ही गोष्ट इतकी गोड राहणार नाही.

ड्रम गप्प राहतो तेव्हा

ड्रमचं काम छान चाललं होतं. फक्त गाड्या वेगवान होत गेल्या आणि एक दुखणं वर आलं.

एक छोटा हिशोब करू. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. साधारण १००० किलोची स्पोर्ट्‌स कार ताशी २४० किलोमीटरने धावत असेल, तर तिला थांबवताना जी उष्णता तयार होते, तिने सुमारे सात लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. काही सेकंदांत! आणि शर्यतीत हे एकदा नाही, प्रत्येक फेरीला, पुन्हा पुन्हा.

ही उष्णता ड्रमच्या डब्यात कोंडून राहते. ड्रम तापतो, प्रसरण पावतो, म्हणजे शूपासून लांब जातो. लायनरमधला चिकट पदार्थ तापून त्याचा वायू सुटतो आणि पकड घसरते. ड्रायव्हर पेडल दाबतो, पेडल आणखी खाली जातं, गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. याला म्हणतात ब्रेक फेड होणं. घाटात जड गाड्यांचे ब्रेक 'लागले नाहीत' असं आपण ऐकतो ना, त्यात बरेचदा हाच प्रकार असतो. आणि तो येतो चोरपावलाने. किंचाळी नाही, ठणठणाट नाही. कळतं ते फक्त पायाला, आणि तेही उशिरा.

फ्रान्समधली ले माँची २४ तासांची शर्यत म्हणजे या दुखण्याची परीक्षाच. तिथे मुल्सान नावाचा जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता. गाड्या तिथे पूर्ण वेग घ्यायच्या, आणि शेवटी एकदम काटकोनातलं वळण. म्हणजे दर फेरीला तेच. जिवाच्या आकांताने ब्रेक.

जॅग्वार कंपनीने यावर उत्तर शोधायला डनलॉपला हाताशी धरलं. डनलॉप विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवत होती. विमान उतरताना केवढी उष्णता होते विचार करा. तोच ब्रेक जॅग्वारच्या सी-टाईप गाडीवर बसवायचं काम सुरू झालं, आणि चाचण्या घ्यायला होता नॉर्मन ड्युइस, कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर. सोपं नव्हतं. डिस्कची उष्णता पॅडमधून ब्रेक ऑईलपर्यंत पोचायची, ऑईल उकळायचं, त्यात बुडबुडे व्हायचे, आणि बुडबुडा दाबला जातो पण दाब पुढे देत नाही. म्हणजे पेडल थेट तळाला. हाही गप्प बसणारा धोकाच.

१९५२ च्या मे महिन्यात इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि ड्युइस डिस्कवाली सी-टाईप घेऊन उतरले. शर्यत पुरी झाली नाही. पण पुढच्याच महिन्यात फ्रान्समध्ये रँसला मॉसने ही गाडी जिंकून दाखवली. आणि १९५३ च्या ले माँमध्ये टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या जोडीने सी-टाईप पहिली आणली. जॅग्वारच्याच गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर, तोही २४ तासांचा! ताशी १०० मैलांच्या वरची सरासरी ले माँमध्ये पहिल्यांदाच लागली. बाकीचे ड्रायव्हर ब्रेक जपून वापरत होते, तेव्हा जॅग्वारवाले वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक मारत होते, आणि पहाटेसुद्धा तो ब्रेक लागत होता.

कारण डिस्क उघडी असते, वारा तिला थंड करतो. तापून ती जाडीला वाढली तरी पॅडच्या दिशेने वाढते, लांब पळत नाही. लँचेस्टरच्या डिस्कला जो उघडेपणा नडला, तोच आता कामाला आला.

दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ ला, याच ले माँमध्ये मोटार शर्यतींच्या इतिहासातला सगळ्यात भीषण अपघात झाला. माइक हॉथॉर्नने आपली जॅग्वार पिटमध्ये घ्यायला वेग कमी केला. मागच्या लान्स मॅक्लिनने आपली ऑस्टिन-हीली बाजूला घेतली. तिच्या मागून भरधाव येणारी पिअर लेव्हेची मर्सिडीज तिच्यावर चढून उडाली आणि गर्दीवर कोसळली. लेव्हे आणि ८० हून जास्त प्रेक्षक गेले. पुढच्या दोन्ही गाड्यांना डिस्क होत्या. मर्सिडीजला ड्रम, आणि मदतीला पाठीवर उघडणारं हवेचं झाकण. चौकशीत कुठल्याही ड्रायव्हरला दोषी धरलं गेलं नाही. ट्रॅक अरुंद होता, पिट आणि धावत्या गाड्यांमध्ये भिंत नव्हती, वेग मात्र दुसऱ्याच जमान्याचे होते. म्हणून मी 'ड्रममुळे झालं' असं म्हणणार नाही. पण एकाच रस्त्यावर एक गाडी पटकन थांबू शकते आणि दुसरी नाही, हे किती भयंकर असू शकतं, ते त्या दिवशी दिसलं. हायवेवर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा असं सांगतात, त्याचं कारण हेच आहे.

आवाज परत आला, आणि त्याचं कोडं

त्याच १९५५ मध्ये सित्रोएन डीएस ही फ्रेंच गाडी पुढच्या चाकांना डिस्क घेऊन बाजारात आली. मग ट्रायम्फ टीआर ३, जॅग्वार एक्सके १५०, आणि १९६१ मध्ये ती सुंदर जॅग्वार ई-टाईप. डिस्क ब्रेक साध्या गिऱ्हाइकाकडे पोचला, आणि त्याच्याबरोबर 'चुईंऽऽ' पण पोचलं.

तसं कोडं जुनंच होतं. ड्रमसुद्धा ओरडायचे. १९३८ साली ब्रिटनमध्ये इंजिनिअरांनी गाड्या बनवणाऱ्यांचे आणि चालवणाऱ्यांचे या आवाजाबद्दलचे अनुभव गोळा करून अभ्यास केला होता. तेव्हा मुख्य समज असा की पॅड चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, परत सुटतो, आणि त्यातून आवाज होतो. सारंगीवर गज फिरतो तसं. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण तोच पॅड, तीच डिस्क, एका गाडीत ओरडते आणि दुसरीत नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पर नावाच्या संशोधकाने एक वेगळं उत्तर दिलं. तो फेरोडोमध्येच काम करायचा. त्याचं उत्तर समजायला शाळेतला फळा आठवा. खडू एका कोनात धरला तर गुपचूप लिहितो. तोच खडू दुसऱ्या कोनात धरून पुढे ढकलला की अख्खा वर्ग कानात बोटं घालतो. खडू तोच, फळा तोच, बदलला तो कोन. पॅड डिस्कला नेमका कुठे आणि कुठल्या कोनात टेकतो, यावर तो रुतून उसळणार की सरळ घासणार हे ठरतं.

पुढे १९७० च्या दशकात नॉर्थ या इंग्रज संशोधकाने आणखी एक पाऊल टाकलं. त्याने दाखवलं की डिस्क, पॅड, कॅलिपर हे सगळे मिळून थरथरतात, आणि त्यांच्या दोन थरथरी एकमेकींना सापडल्या की आवाज वाढत जातो. स्टीलची थाळी फरशीवर पडली की कशी घणघणते? डिस्क म्हणजे तशीच थाळी. थरथर डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक, पण सेकंदाला हजारो वेळा. आणि माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट असतो.

घणघणणाऱ्या थाळीवर बोट ठेवलं की ती गप्प होते. मेकॅनिक पॅडच्या मागे जी पातळ पट्टी लावतो, ती म्हणजे हे बोट. पॅडच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात, ते म्हणजे खडूचा कोन बदलणं. अर्ध्या शतकाचं गणित त्या एवढ्याशा पट्टीत आणि कडेत आहे.

आता स्पोर्ट्‌स कार जास्त का ओरडते, तेही कळेल. तिचे पॅड कडक असतात, तापल्यावर उत्तम धरायला बनवलेले. थंड असताना, सिग्नलला हलक्या पायाने दाबले की ते कुरकुरतात. डिस्क मोठी, म्हणजे थाळी मोठी. अलॉय व्हील उघडं, त्यामुळे आवाज अडवायला काही नाही. २००१ च्या पोर्शे ९११ जीटी २ पासून महागड्या गाड्यांत कार्बन-सिरॅमिक डिस्क येऊ लागल्या. त्याही पार्किंगमध्ये शिरताना बिनधास्त ओरडतात. कोटीची गाडी आणि आवाज रिक्षाचा म्हणून लोक हसतात. पण तो ब्रेक त्या वेळी पकडतच असतो.

शांततेची किंमत

आता त्या दगडाच्या धाग्याकडे.

लँकेशायरमधल्या रॉचडेलला अॅस्बेस्टॉसच्या गिरणीत नेली कर्शॉ नावाची बाई सूत काढायचं काम करायची. फुप्फुसं निकामी होऊन १९२४ साली ती गेली. वय ३३. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासली, त्यात अॅस्बेस्टॉसचे कण सापडले. त्यांनीच पुढे या आजाराला अॅस्बेस्टॉसिस हे नाव दिलं. १९३० मध्ये सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांसाठी नियम झाले. म्हणजे काय, तर ले माँमध्ये सी-टाईप जिंकली त्याच्या वीस वर्षं आधीच हे माहीत होतं. तरी ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस आणखी कित्येक दशकं राहिलं. ब्रिटनने पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये.

हा धागा आपल्यापर्यंतही आलेला आहे. फेरोडोचं नाव लावणारा हिंदुस्थान फेरोडो हा कारखाना मुंबईत घाटकोपरला होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करणारा निकाल दिला. भारतात अॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी मात्र अजून आलेली नाही.

आणि हे फक्त गिरणीपुरतं नव्हतं. ड्रम उघडला की आत काळी भुकटी साचलेली असते. ती उडवायला गॅरेजमध्ये काय करतात? पाईप घेऊन हवा मारतात. अॅस्बेस्टॉसच्या जमान्यात ते तंतू त्या हवेबरोबर कामगाराच्या छातीत जायचे. खोकला नाही, वेदना नाही, आजार दिसायचा तो वीस-तीस वर्षांनी. ब्रेक गुपचूप चालायचा, आणि त्याची किंमत कुणीतरी दुसरं, तितकंच गुपचूप, मोजत होतं. म्हणून आजही, पॅडमध्ये काहीही असो, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोराला सांगा: ब्रेकच्या भुकटीवर हवा मारू नको, ओल्या फडक्याने पूस, आणि तोंडावर मास्क लाव.

मुद्दाम बसवलेला आवाज

आणि आता गंमत बघा. इतकी वर्षं आवाज बंद करण्यात घालवल्यावर इंजिनिअरांनी काय केलं? आवाज मुद्दाम परत बसवला! बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. 'मालक, पॅड बदला', एवढंच तिचं म्हणणं. तांब्याची किंकाळी परत आली, पण या वेळी निरोप म्हणून.

तर निरोप वाचायचा कसा? पहिला प्रश्न एकच. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, की न दाबता?

दाबल्यावर, हळू वेगात, बारीक 'चुईंऽऽ', आणि ब्रेक नीट लागतोय: ही बहुधा थाळीची थरथर. पॅड किती उरलाय ते बघून घ्या. रात्रभर पावसात उभ्या गाडीने सकाळी दोन-चारदा खरखर केली, तर तो डिस्कवरचा गंज, आपोआप निघून जातो.

दाबल्यावर 'खर्रर्र', लोखंडावर लोखंड, आणि पायाला खडबड जाणवते: पॅड संपलाय. इथे वाट बघायची नाही, गाडी पुढे चालवायची नाही.

न दाबता, चाकाच्या फिरण्याबरोबर 'चिक चिक': डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला असेल, किंवा ती जीभ टेकत असेल. वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी वळणावर कमीजास्त होते: चाकाचं बेअरिंग. जुन्या ई-टाईपसारख्या तारांच्या चाकाच्या गाडीत हळू चालताना करकर किंवा टकटक आली, तर ब्रेकला दोष देण्याआधी चाकाचा मधला भाग काढून बघतात. तिथले दाते आणि निमुळती बैठक कोरडी पडली किंवा झिजली की चाकच बोलतं.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. आवाज बंद करायला डिस्कवर किंवा पॅडच्या पुढच्या बाजूला ऑईल, ग्रीस, स्प्रे, काहीही मारू नका. आवाज जाईल, आणि त्याच्याबरोबर ब्रेकही जाईल.

याउलट पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, मऊ लागतंय, घाटात जास्त जोर द्यावा लागतोय, पण आवाज काहीच नाही, तर ओरडणाऱ्या ब्रेकपेक्षा या ब्रेकला जास्त घाबरा. गाडी बाजूला घ्या, ब्रेक थंड होऊ द्या, ऑईल तपासून घ्या. घाट उतरताना खालचा गिअर टाका, म्हणजे सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर येत नाही.

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीचा ब्रेक कधी आणि कसा ओरडतो, तो रेकॉर्ड करून मला जरूर पाठवा. पण गाडी थांबवून, हं! भेटूया पुढच्या भागात.